बरोबरीच्या आधीचा आकडा

"दोऱ्यानं कापड शिवायचं असतं, शाहीन. भाकऱ्या भाजायच्या नसतात," साठ्ये सर म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन चहाचा घोट घेतला.

"खरं आहे सर," शाहीन म्हणाली. "पण भाकऱ्या जास्त होतायत, त्याचं काय?"

मी खाली मान घालून हसू दाबलं. मिरजेच्या आमच्या त्वचा-संशोधन केंद्रात सरांना उलट उत्तर द्यायची छाती फक्त शाहीन सतारमेकरची होती. सर माणूस वाईट नव्हते, पण आपलं तेच खरं म्हणणाऱ्यांपैकी होते. आम्ही दोघी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. बेंच एक, डबा एक, आणि विषयसुद्धा जवळपास एकच.

विषय सांगते. आपल्या कातडीतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून कातडी फाटत नाही. ही धरून ठेवण्याची कामगिरी काही प्रथिनांची. जणू पेशीच्या भिंतीवर बटणं आहेत आणि हे प्रथिन म्हणजे ती बटणं शिवणारा दोरा. आमच्या केंद्रात बारा वर्षं याच दोऱ्यावर काम चाललं होतं. दोरा काढला की पेशी सुट्या होतात, घातला की चिकटतात. माझा प्रबंध याच विषयावर. साडेतीन वर्षांचं काम, दोनशे छायाचित्रं, आणि आता बाइंडिंगला टाकायचा तेवढा राहिला होता. वैशाखात माझं लग्न ठरलं होतं. मुलगा हैदराबादला होता.

आणि नेमकं तेव्हाच शाहीनला दिसलं, की हा दोरा नुसता भिंतीवर नसतो. थोडा आत, पेशीच्या पोटात, जिथं नवी प्रथिनं तयार होतात तिथंही असतो. ज्या पेशींत तो जास्त, त्या पेशी नुसत्या चिकट नव्हत्या, त्या अंगानं भरलेल्या होत्या. मोजून तेवढ्याच पेशी घेतल्या तरी त्यांच्यातून प्रथिनांचा माल दीडपट निघत होता. म्हणजे शिवणारा दोराच स्वयंपाकघरात जाऊन आच वाढवत होता.

"तुझं मोजणं चुकलंय," सर म्हणाले. "पेशी जास्त पडल्या असतील."

"तीनदा मोजल्या सर."

"मग तीनदा चुकलं. बारा वर्षांत कुणाला दिसलं नाही ते तुलाच बरं दिसलं?"

"आपण बघतच नाही ना सर. आपण आधी बरोबरी करतो."

हा शब्द आमच्या प्रयोगशाळेतला. दोन गटांची तुलना करायची तर दोन्ही नळ्यांतला माल सारख्या दाटपणाचा हवा, नाही तर तुलना खोटी. म्हणून पेशी फोडून रस काढला की आधी त्याचा दाटपणा मोजायचा, तो आकडा एका चिठ्ठीवर टिपायचा, जो रस दाट असेल त्यात मिठाचं पाणी घालून पातळ करायचा आणि सगळ्या नळ्या सारख्या झाल्या की पुन्हा मोजायचं. वहीत जायचा तो हा दुसरा, पक्का आकडा. पहिला कच्चा. त्याची चिठ्ठी टोपलीत. भाजी निवडल्यावर देठं कुणी जपून ठेवत नाही, तसंच ते.

शाहीनचं म्हणणं होतं, की आम्ही बारा वर्षं देठांबरोबर भाजीच फेकत आलो.

सरांच्या कपाळावर आठी चढली. चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बोट करत ते म्हणाले, "ठीक. रेणुका करेल हाच प्रयोग. तू नळीला हात लावायचा नाहीस. रेणुकाचे आकडे गुरुवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवू. तुझ्यासारखे आले तर मी जाहीर माफी मागेन. नाही आले, तर तू आकडे शिजवलेस असं मी समजेन, आणि शिजवणाऱ्याला इथं जागा नाही. मंजूर?"

"मंजूर," शाहीन म्हणाली. मला वाटलं, ती निदान एकदा माझ्याकडे बघेल. नाही बघितलं. तिला गरजच वाटली नसावी.

हा सोमवार होता.

त्या संध्याकाळी ती मला ओढून घरी घेऊन गेली. सतारमेकर गल्लीत खाली कारखाना, वर घर. कारखान्यात तिचे अब्बा मांडी घालून बसले होते आणि पुढ्यात वाळलेले मोठे मोठे भोपळे रांगेनं मांडलेले. सतारीचे भोपळे. एकेक उचलायचा, बोटाच्या पेरानं टकटक करायची, कानाशी धरायचा आणि बुडाला पेन्सिलीनं काहीतरी लिहायचं.

"काय लिहिताय अब्बा?" मी विचारलं.

"ह्याचा आवाज, ह्याची जाडी. आता हाय तशी."

"पण तुम्ही तर तासून सगळे सारखे करणार ना?"

"म्हणून तर आत्ता लिवायचं, बाई," अब्बा म्हणाले. "एकदा रंधा फिरला की समदे भाऊ भाऊ. मग कुठला मूळचा गोड आनि कुठला बद्द, ते अल्लालाच ठाऊक. आदी कसा हुता ते लिवल्याशिवाय मी हत्याराला हात लावत न्हाई."

शाहीन माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. तिचा हट्ट कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

जेवताना ती म्हणाली, "रेणू, माझ्या बाजूनं काही करू नकोस. फक्त बरोबरीच्या आधीचा आकडा वहीत लिही. एवढंच."

"वेडी आहेस का? तेवढंच तर करायचंय."

"हाताला सवय लागलेली असते गं. म्हणून सांगायलीय."

मी हसले. चार वर्षांत हजारभर नळ्या केलेल्या मुलीला ही शिकवतेय! तिच्या अम्मीनं माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली, आणि माझ्या लग्नाच्या साड्यांचा विषय निघाला.

मंगळवारी मी पेशी मोजल्या. पाच ताटल्या दोरा असलेल्या, पाच काढून टाकलेल्या, प्रत्येकीत चाळीस लाख. बुधवारी त्या फोडून दहा नळ्यांत प्रत्येकी अर्धा मिलिलिटर रस घेतला. नळीवर मापाच्या रेघा असतात, मधल्या रेघेपर्यंत बरोबर. गुरुवारी सकाळी दाटपणा मोजायला बसले. अकराला मीटिंग होती. साडेनऊला सासरहून फोन आला, हॉलच्या तारखेवरून घोळ झाला होता. होणाऱ्या नणंदेशी बोलता बोलता मी यंत्राचे आकडे चिठ्ठीवर उतरवत होते, मानेत फोन धरून हिशेब करत होते, पाणी घालत होते. सगळं हात करत होते. डोकं हैदराबादला होतं.

फोन ठेवला, नळ्या पुन्हा यंत्रात लावल्या, वहीत आकडे उतरवले. दहाही नळ्यांचा आकडा २.१. दोन्ही गटांत तिळमात्र फरक नाही.

क्षणभर मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. साडेतीन वर्षांचं काम वाचलं, असं वाटलं. मग शाहीनची आठवण येऊन वाईटही वाटलं, पण आधी बरंच वाटलं.

चिठ्ठी चुरगळून टोपलीपाशी गेले. टाकायच्या आधी का कोण जाणे, उलगडली.

बरोबरीच्या आधीचे आकडे होते. दोरा काढलेल्या पाच नळ्या: २.१. दोरा असलेल्या पाच नळ्या: ३.२. त्यांच्यापुढे माझ्याच अक्षरात 'पाणी २६०', म्हणजे पाव मिलिलिटरभर, पाच वेळा. मी फरक मोजला होता, मग माझ्या हातानं पाणी घालून तो पुसला होता, आणि पुसलेला आकडा वहीत लिहिला होता.

पावणेअकरा झाले होते. वेळ होता. वहीत एक ओळ लिहायची, मीटिंगमध्ये म्हणायचं, 'सर, माझ्या हातून बरोबरी आधी झाली, पण कच्चे आकडे हे पाहा.' एवढंच. पण मग माझी दोनशे छायाचित्रं? तीही सगळी बरोबरी केलेल्या रसातल्या प्रथिनांच्या पट्ट्यांचीच. शाहीन खरी ठरली तर प्रत्येक छायाचित्राखाली प्रश्नचिन्ह, सगळं पुन्हा करायचं, आणखी दोन वर्षं. वैशाख, हॉल, नणंद. मी चिठ्ठीची घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकली. टोपलीतसुद्धा टाकली नाही. फेकण्याचंही धाडस नव्हतं माझ्यात.

मीटिंगला आम्ही सातआठ जण होतो. मी नळ्यांचं स्टँड पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं, तसं सरांनीच सांगितलं होतं. वही वाचली.

सरांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो उतरला. "शाहीन, मला एवढंच सांग. चूक होती की लबाडी?"

शाहीन उत्तर न देता स्टँडकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"रेणू, पहिला आकडा किती आला होता?"

माझा हात एप्रनच्या खिशात होता. चिठ्ठी बोटांना लागत होती.

"लक्षात नाही," मी म्हणाले.

"चिठ्ठी असेल ना?"

"टाकली."

"कच्चा आकडा कशाला हवाय आता?" सर म्हणाले. "पक्का समोर आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

शाहीननं आणखी एकदा स्टँडकडे पाहिलं, आणि मान हलवली. भांडली नाही, रडली नाही. सर काय काय बोलले ते मला आठवत नाही, कारण मी ऐकतच नव्हते. शनिवारपर्यंत बेंच रिकामा कर, एवढंच शेवटचं कानावर पडलं.

शुक्रवारी ती आली. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून तिनं दिवसभर काचेची भांडी विसळली. एकदा म्हणाली, "डबा खाणार?" मी म्हटलं, "उपास आहे." उपास कसला! घास उतरत नव्हता. शनिवारी पण आली. शनिवारी दुपारी मी प्रबंध बाइंडिंगला टाकून आले, तेव्हा ती खिडकीशी उभी होती. मी पुठ्ठ्याचा रंग कुठला निवडला, ते तिनं विचारलं. मरून, मी सांगितलं.

सोमवारी तिचा बेंच रिकामा होता. एप्रन इस्त्री करून घडी घालून ठेवला होता.

वैशाखात माझं लग्न झालं. तिला पत्रिका पाठवली, ती आली नाही, आणि न आल्याबद्दल मला तिचा रागही आला. माणूस किती खालच्या पायरीला जाऊ शकतो, ते मी माझ्यावरूनच शिकले.

याला सतरा वर्षं झाली. हैदराबादला माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, चार विद्यार्थी आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांच्यातली एक, वैदर्भी, धावत माझ्या खोलीत आली. हातात परदेशातला एक शोधनिबंध.

"मॅडम, वाचलंत? पेशी चिकटवणारी प्रथिनं म्हणे आत प्रथिनं बनवायच्या कामालाही जोर देतात! पेशी वाढते त्यामुळे. मॅडम, हे इतकी वर्षं कुणालाच कसं दिसलं नाही?"

मी निबंध हातात घेतला. वाचला की नाही, आठवत नाही. "दिसलं होतं," मी म्हणाले, आणि तिला जायला सांगितलं.

त्या रविवारी मी मिरजेला उतरले. गल्ली तीच, कारखाना तोच, पण भोपळ्यांपुढं तिचा भाऊ बसला होता. अब्बा चार वर्षांपूर्वी गेले. शाहीन मुलींच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, असं त्यानंच सांगितलं, आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "दीदी, पाव्हणं आलंय."

तिचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. मला बघून ती थांबली, मग म्हणाली, "ये की. उभी काय?" चहा टाकला. भडंगाची ताटली पुढं ठेवली. नवरा काय करतो, मुलं किती, सगळं विचारलं. मला ते सहन होईना. मी पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेली चिठ्ठी काढली आणि तिच्यापुढं ठेवली. सतरा वर्षं ती माझ्या दागिन्यांच्या डब्यात होती, मंगळसूत्राच्या खालच्या कप्प्यात.

"मी टाकली नव्हती," मी म्हणाले. "खिशात होती. मीटिंगच्या आधीच मी वाचली होती. मला कळलं होतं, शाहीन."

तिनं चिठ्ठी उजेडाकडे धरून वाचली. ३.२ वर तिचं बोट क्षणभर थांबलं.

"तीन पॉइंट दोन," ती म्हणाली. "माझा तीन पॉइंट एक आला होता." आणि एवढं बोलून ती हसली. खरंखुरं हसली. जुनं गणित सुटल्यावर हसतात तसं. मला मात्र रडू फुटलं.

"तू मला शिव्या दे," मी म्हणाले. "पण सांगते, तुला काही कळायला मार्ग नव्हता. मी..."

"मला माहीत होतं."

"काय?"

"नळ्या समोरच होत्या की गं. सगळ्यांत अर्धा-अर्धा रस घेतला होतास ना? मग पाच नळ्या मधल्या रेघेवर आणि पाच तिच्या वर कशा? पाणी घातल्याशिवाय रस वाढतोय होय? आंधळ्यालाही दिसलं असतं. सरांना नाही दिसलं, त्यांना बघायचं नव्हतं."

त्या स्टँडकडे ती तेवढा वेळ का बघत होती, ते मला सतरा वर्षांनी कळत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं की तुला. सगळ्यांसमोर. पहिला आकडा किती, म्हणून." तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "मी नळ्या दाखवल्या असत्या तर तो पुन्हा माझाच शब्द झाला असता. 'स्वतःची लबाडी झाकायला मैत्रिणीवर ढकलते,' म्हणाले असते. तू म्हणायला हवं होतंस, रेणू. ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं."

ती उठली आणि कपाटातून एक वही काढून आणली. शाळेतल्या मुलांची असते तशी, निळ्या पुठ्ठ्याची. केंद्राच्या वह्या केंद्रातच राहिल्या, ही तिची घरची. पानं पिवळी पडली होती. तिनं एक पान उघडून माझ्यापुढं सरकवलं.

तारीख त्या गुरुवारची होती. खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'रेणूच्या नळ्या. पाच मधल्या रेघेवर, पाच वर. बरोबरी आधी झाली. तिला कळलंय, हात खिशात होता. घाबरलीय. उद्या बोलेल.'

त्याखाली शुक्रवार: 'नाही बोलली. जेवलीपण नाही. उद्या बोलेल.'

त्याखाली शनिवार: 'मरून पुठ्ठा.'

पुढची पानं कोरी होती. शेवटपर्यंत, सगळी.

खाली भावाचा रंधा चालत होता. मी म्हणाले, "मी लिहिते. सगळं लिहिते. केंद्राला, विद्यापीठाला, साठ्ये सरांना. माझ्या प्रबंधाचं जे व्हायचं ते होऊ दे."

"त्यांना लिही नाही तर नको लिहू, तुझं तू बघ. तेवढ्यानं मला केंद्रातली जागा परत मिळायची नाही, आणि आता नकोय पण." तिनं पदरानं वहीवरची धूळ पुसली. "आधी इथं लिही."

तिनं मला पेन दिलं. मी कोरं पान घेतलं आणि वर कोपऱ्यात सवयीनं तारीख टाकायला लागले. त्या गुरुवारची. दिवस लिहून झाला होता, महिन्यावर आले होते, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"नाही," शाहीन म्हणाली. "खोड ते. आजची घाल."